मोटारीचें जळकें तेल सोडण्याची चावी कशी निवडावी ?

मोटार ही आतां केवळ शहरवासीयांची चैन राहिली नसून कोंकणांतील बागायतदाराच्या शेतकी सामानापैकींच एक झाली आहे. मुचकुंदी नदीच्या मुखाशीं वसलेल्या पूर्णगडासारख्या गांवीं आंब्याच्या पेट्या, खताचीं पोतीं, फवारणीचें सामान आणि घरचीं माणसें हीं सर्व बहुधा एकाच गाडींतून जातात-येतात. नांगराची व कोयत्याची निगा मालकानें स्वतः पाहावी, तशीच गाडीचीही निदान एक गोष्ट, म्हणजे इंजिनाचें ऑइल वेळच्या वेळीं बदलणें, त्यानें स्वतः करण्यास हरकत नाहीं. या कामास सोयीची अशी एक लहानशी चावी बाजारांत मिळते. ती घ्यावी कीं नाहीं, आणि घ्यावयाची तर कोणती, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

चावीची रचना

इंजिनाच्या तळाशीं ऑइल सांठविणारें जें भांडें असतें त्यास मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाशीं एक बोल्ट असतो. ऑइल बदलतांना हा बोल्ट पान्यानें सैल करून शेवटीं हातानें काढावा लागतो. त्या वेळीं गरम तेल मनगटावर ओघळतें, बोल्ट घमेल्यांत पडतो, आणि पहिली धार घमेल्याबाहेर जाते. शिवाय पुष्कळ गाड्यांचे चेंबर अल्युमिनियमचे असल्यामुळें, बोल्ट तिरका बसवून जोरानें आवळल्यास चेंबराचेच आटे जातात व मोठा खर्च उपस्थित होतो.

या बोल्टाच्या जागीं कायमची बसवावयाची एक बारीक तोटी, तीच ही चावी होय. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत पितळी अंगांत भोंक पाडलेला एक गोळा असतो. बाहेरची दांडी किंचित् उचलून पाव फेरा फिरविली कीं भोंक धारेच्या रेषेंत येऊन तेल वाहूं लागतें. फुमोटो नांवाची जपानी चावी या जातीची असून ती इ. स. १९७६ पासून प्रचारांत आहे. दुसऱ्या प्रकारांत दांडी नसते. आंत स्प्रिंगनें दाबून धरलेली झडप असते. नळी लावलेला जोड बाहेरून आट्यांवर फिरविला म्हणजे झडप मागें सरते व तेल नळीनें खालीं उतरतें. जोड काढतांच झडप मिटते. तीवर एक टोपण बसतें. जर्मनींतील श्टालबुस ही चावी या जातीची आहे. पहिला प्रकार वापरण्यास सोपा; दुसऱ्यांत जोड संभाळून ठेवावा लागतो, परंतु चुकून उघडण्यास बाहेर दांडीच नसते.

निवड करतांना पाहावयाच्या गोष्टी

(१) आटे.— सर्वांत पहिली व न चुकवितां येणारी कसोटी हीच. बोल्टाचा व्यास आणि आट्यांमधील अंतर हीं दोन्ही मापें जुळलीं पाहिजेत. मारुती सुझुकीच्या व होंडाच्या बहुतेक गाड्यांस १४ मिलिमीटर व्यास व १.५ मिलिमीटर अंतर असे आटे असतात, तर टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांस १२ व १.२५. तरीपण कंपनीच्या नांवावर विसंबून खरेदी करूं नये. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत फरक असूं शकतो. ऑइल बदलण्याच्या वेळीं काढलेला बोल्ट मोजून घ्यावा. दोन आटे सहज फिरून तिसऱ्यास चावी अडूं लागली, तर ती त्या गाडीची नव्हे असें समजावें. जोर करूं नये.

(२) लोंबण्याची मर्यादा.— आमच्या प्रांतीं हीच कसोटी विशेष महत्त्वाची आहे. बोल्टाचें डोकें चेंबराशीं लगटून असतें. चावी त्यापेक्षां अधिक बाहेर येते. सड्यावरून बागेंत जाणाऱ्या जांभ्याच्या वाटेवर मध्यभागीं दगड उंच राहतात व चाकोऱ्या खोल जातात. असा एखादा दगड लागून चावी मोडली, तर सर्व तेल कांहीं मिनिटांत निघून जातें. पुढें तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला असतांही गाडी हांकली तर इंजिन जाम होतें. चावीच्या किंमतीच्या मानानें हें नुकसान किती पट आहे हें सांगणें नको. म्हणून गाडीखालीं, चेंबराच्या पुढच्या व मागच्या सर्वांत खालच्या मजबूत भागांस टेकेल अशी एक सरळ काठी धरावी. चावीची लांबी त्या काठीच्या वरच राहत असेल तरच ती घ्यावी. नळी लावण्यासाठीं तोटी पुढें काढलेल्या चाव्या सोयीच्या खऱ्या, परंतु त्या अधिक लोंबतात. कच्च्या वाटेच्या गाडीस आंखूड, तोटी नसलेली चावी बरी. चेंबराखालीं लोखंडी पत्रा बसविलेला असेल तर भय पुष्कळ कमी होतें. मात्र पत्र्याच्या भोंकांतून दांडीपर्यंत हात पोंचतो कीं नाहीं हें पाहून घ्यावें.

(३) दांडीची दिशा व खीळ.— चावी पूर्ण आवळल्यावर दांडी कोणत्या बाजूस येईल हें आधीं सांगतां येत नाहीं. ती पुढें तोंड करून राहिली, तर उंच गवत व खडे तीवर आपटतात. म्हणून दांडी खांचेंत बसणारी असावी, आणि तीवर अडकविण्याची खीळ किंवा चाप असावा. चाप नसलेली चावी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

(४) खारी हवा.— पितळ गंजत नाहीं, परंतु आंतील स्प्रिंग व बाहेरचा चाप पोलादी असल्यास समुद्रकांठीं तो गंजतो. दर ऑइल-बदलाच्या वेळीं चाप पाहून खराब दिसल्यास बदलावा.

(५) उणिवा.— चावीचें भोंक बोल्टाच्या भोंकापेक्षां लहान असल्यानें तेल सावकाश उतरतें. कांहीं चाव्यांचें आंतलें टोंक चेंबरांत वर राहतें, त्यामुळें तळाचें थोडें गाळयुक्त तेल मागें उरतें. मूळ बोल्टास लोखंडाचा कीस धरणारें चुंबक असल्यास तें जातें. फिल्टर तर पूर्वींप्रमाणेंच काढावा लागतो. गाडी वॉरंटीच्या मुदतींत असेल तर आधीं विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

बसविण्याची रीत

इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावें व तेल हातास सोसेल इतकें निवूं द्यावें. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखालीं शिरूं नये. जांभ्याच्या चिऱ्याचें टेकणही देऊं नये, कारण तो भाराखालीं अचानक फुटूं शकतो. मजबूत लोखंडी घोडे द्यावे. बोल्ट काढून बैठक फडक्यानें स्वच्छ पुसावी, चावीबरोबर आलेला नवा वॉशर घालावा, व पहिले तीन-चार आटे केवळ बोटांनीं फिरवावे. पितळ मऊ असल्यानें पोलादी बोल्टाइतका जोर लावूं नये. चावीबरोबरच्या कागदांत दिलेलें माप पाळावें. नवें तेल भरल्यावर इंजिन पांच मिनिटें चालवून खालीं कोरा कागद पसरावा, आणि दुसरे दिवशीं सकाळीं पुन्हां पाहावा.

जळकें तेल कोठें जातें ?

आमच्या मतें या चावीचा खरा उपयोग हात स्वच्छ राहण्यांत नाहीं. लहान गाडींतून दर खेपेस तीन-साडेतीन लिटर जळकें तेल निघतें. त्यांत धातूंचे कण व ज्वलनापासून झालेलीं विषारी द्रव्यें असतात. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याचें सांगणें असें कीं, एका वेळच्या बदलांतील तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारें ३८ लाख लिटर, गोडें पाणी बिघडविण्यास पुरतें. आमचा जांभा सच्छिद्र. अंगणांत सांडलेलें पावसाबरोबर झिरपून विहिरीकडे जावयास त्यास वाट मिळते. जें परसांतल्या पऱ्ह्यांत ओतलें तें खाडींत उतरतें. आणि खाडीपलीकडे गावखडीच्या किनाऱ्यावर तर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालावयास येतात. कुंपणाच्या खांबांस वाळवी लागूं नये म्हणून जळकें तेल फांसण्याचा प्रघात आहे, तोही पावसांत धुपून मातींतच जातो. म्हणून तो सोडावा हें बरें.

चावीस नळी लावून तेल थेट झांकणाच्या कॅनमध्यें उतरवितां येतें व जमिनीवर थेंब पडत नाहीं. आंखूड चावीच्या बाबतींत तेंच काम रुंद तोंडाच्या फनेलानें साधतें. भरलेल्या कॅनवर खूण करून तो मुलांपासून दूर ठेवावा. त्यांत पाणी, रॉकेल किंवा फवारणीचें औषध मिसळूं नये, कारण भेसळ झालेलें तेल पुन्हां शुद्ध करणें अवघड होतें. केंद्र सरकारच्या २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. आणि २०२३ मधील दुरुस्तीअन्वयें, १ एप्रिल २०२४ पासून, तेल उत्पादकांवर व आयात करणाऱ्यांवर त्याच्या पुनःशुद्धीकरणाची जबाबदारी ठराविक प्रमाणांत टाकण्यांत आली आहे. तेव्हां असें तेल परवानाधारक संग्राहकास देणाऱ्या गॅरेजांतच कॅन पोंचवावा. दोन-चार शेजाऱ्यांनीं मिळून कॅन सांठविले तर रत्नागिरीची एकच फेरी पुरते.

सारांश, ज्याची गाडी भाड्यानें सतत फिरते व वर्षांतून अनेक वेळां ऑइल बदलावें लागतें, त्यानें आट्यांस जुळणारी, आंखूड व चाप असलेली चावी अवश्य बसवावी. ज्याची गाडी थोडी चालते व वाट खडकाळ आहे, त्यानें मूळचा बोल्टच ठेवून दर खेपेस नवा वॉशर घालावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र चावी असो वा बोल्ट, निघालेलें तेल विहिरीच्या वाटेस लागूं न देणें हें काम दोघांसही सारखेंच लागू आहे.