आकाशाचा हिशोब मांडणारे खासदार

संक्रांतीला तिळगूळ वाटताना आपण म्हणतो, "आजपासून उत्तरायण सुरू." पण दोस्तांनो, सूर्य तर 22 डिसेंबरच्या सुमारालाच उत्तरेकडे वळलेला असतो! मग आपली संक्रांत तीन आठवडे उशिरा का? या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे एक खासदार आपल्या पहिल्या लोकसभेत होते. त्यांचं नाव मेघनाद साहा.

साहांचा जन्म 6 ऑक्टोबर 1893 चा, ढाक्याजवळच्या एका खेड्यातला. हे खेडं आता बांगलादेशात आहे. वडिलांचं छोटंसं किराणा दुकान, घरात खाणारी तोंडं बरीच. पुढच्या शिक्षणासाठी शाळा दुसऱ्या गावात. तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतलं. अट एवढीच, की मेघनादनं स्वतःची ताटवाटी धुवायची आणि गाईची निगा राखायची. पुढे ढाक्याच्या शाळेत असताना बंगालच्या फाळणीविरुद्धच्या निषेधात भाग घेतला म्हणून शाळेतून नाव कमी झालं आणि शिष्यवृत्तीही गेली. गडी मागे हटला नाही. दुसऱ्या शाळेत गेला, शिकत राहिला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्याच्या वर्गात कोण होतं, माहितीय? सत्येंद्रनाथ बोस! आणि शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय.

1920 मध्ये साहांनी एक समीकरण मांडलं आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचे कान टवकारले. ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट काढला, की त्यात काळ्या रेषा दिसतात. वेगवेगळ्या ताऱ्यांच्या रेषा वेगवेगळ्या. म्हणजे प्रत्येक तारा वेगळ्याच पदार्थांचा बनलाय की काय? साहांनी दाखवलं, की हा फरक मुख्यतः तापमानाचा आहे. ताऱ्याच्या भयंकर उष्णतेत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. किती अणूंचे सुटतील हे तापमान आणि दाब ठरवतात, आणि त्याप्रमाणे रेषा बदलतात. आता नुसत्या प्रकाशावरून ताऱ्याचं तापमान काढता येऊ लागलं!

एवढा मोठा शास्त्रज्ञ राजकारणात कशाला आला? लहानपणी त्यांनी पुराचं पाणी पाहिलं होतं, तरुणपणी पूरग्रस्तांसाठी काम केलं होतं. नद्यांना आवर घालायचा तर अभ्यास हवा, असं ते सतत लिहीत. दामोदर नदीच्या खोऱ्यासाठी त्यांनी आग्रहानं योजना मांडली, आणि 1948 मध्ये तिथे दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. असे प्रश्न थेट संसदेत मांडावेत म्हणून 1952 च्या निवडणुकीत ते कलकत्त्यातून उभे राहिले. प्रचाराला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी काय केलं असेल? उष्णतेवरच्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकाकडे 5,000 रुपये आगाऊ मागितले! निवडून आले आणि अणुऊर्जा, शिक्षण, उद्योग, निर्वासितांचे हाल, सगळ्यांवर लोकसभेत सडेतोड बोलले.

त्याच वर्षी सरकारनं त्यांना पंचांग सुधारणा समितीचं अध्यक्ष केलं. तेव्हा देशात तीसएक वेगवेगळी पंचांगं चालत होती. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे आपले मराठी अभ्यासकही होते.

आता संक्रांतीचं कोडं सोडवू. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांत थोडा फरक पडतो. आपल्या जुन्या पंचांगांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 24 मिनिटांनी मोठं. म्हणजे 60 वर्षांत एक दिवस, आणि चौदाशे वर्षांत 23 दिवस! तेवढीच आपली संक्रांत मागे पडली.

म्हणून समितीनं ऋतूंशी बांधलेलं नवं कॅलेंडर सुचवलं. चैत्र 22 मार्चला सुरू होतो, लीप वर्षात 21 ला. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने 31 दिवसांचे, बाकीचे 30 चे. लीप वर्षात चैत्रही 31 चा. उन्हाळ्याच्या बाजूचे महिने मोठे का? कारण तेव्हा पृथ्वी सूर्यापासून जरा लांब असते आणि सावकाश चालते.

16 फेब्रुवारी 1956 रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना साहा अचानक कोसळले आणि त्यातच त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, 22 मार्च 1957 ला, म्हणजे 1 चैत्र शके 1879 ला, ते कॅलेंडर आपलं राष्ट्रीय कॅलेंडर झालं. भारताच्या राजपत्रावर आजही या कॅलेंडरची तारीख छापतात.

या हिशोबानं 15 ऑगस्ट म्हणजे 24 श्रावण आणि 26 जानेवारी म्हणजे 6 माघ, दर वर्षी तेच. आता कागद-पेन्सिल घ्या, वर दिलेले महिन्यांचे दिवस मोजत चला आणि तुमचा वाढदिवस राष्ट्रीय कॅलेंडरात कधी येतो ते काढून आम्हाला कळवा!