४८ ठिपक्यांत दडलेलं ‘भोकरदन’

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या फोटोत गावाचं नाव असं लपवता येईल :

■ जागा : फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५.

■ युक्ती : आकड्याचा फक्त शेवटचा बिट (० किंवा १) बदलून तिथे नावाचा एक बिट ठेवायचा. २००चे २०१ झाले, तरी डोळ्याला पत्ता लागत नाही.

■ हिशेब : अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘भोकरदन’ म्हणजे १८ बाइट, अर्थात १४४ बिट. ठिपक्यामागे तीन बिट. ४८ ठिपके पुरे.

■ चिप : एक बिट पुसून दुसरा बसवणं एवढंच काम, छोटा मायक्रोकंट्रोलरही ते करतो.

■ धोका : फोटो जेपेगमध्ये दाबला की निरोप गेलाच. म्हणून फोटो पीएनजी स्वरूपातच जपून ठेवावा.