आईच्या ताटातले अर्थशास्त्र

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील पर्जन्यछायेचे तालुके. घोड-भीमेच्या पाण्यावर तेथे ऊस फुलला, रांजणगावात कारखाने उभे राहिले, दूध-डेअऱ्या गावोगाव निघाल्या. परंतु उत्पादन वाढले म्हणजे सर्वांचा उपभोग वाढतो, असे नव्हे. अल्पभूधारकाला रोख पैशाची निकड असते. म्हणून गोठ्यातले दूध भल्या पहाटे डेअरीत जाते आणि घरातल्या गरोदर सुनेच्या वाट्याला भाकरी नि कोरा चहा उरतो.

याचे मोल कोण चुकवते? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास आरंभिला. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. बाळाच्या जन्मवेळच्या आकाराचा संबंध आईच्या आहारातील उष्मांकांशी वा प्रथिनांशी नव्हे, तर दूध, पालेभाज्या नि फळे यांच्याशी आढळला. पोट भरणे आणि पोषण होणे या भिन्न गोष्टी आहेत.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने उष्मांक व प्रथिने यांचे प्रमाण ठरवून दिले; २०२३ च्या दुरुस्तीने सूक्ष्म पोषकद्रव्येही जमेस धरली. कायदा शहाणा झाला खरा. पण घरी नेलेला शिधा साऱ्या कुटुंबात वाटला जातो आणि सून सर्वांत शेवटी जेवते. तेव्हा गावच्याच डेअरीतले दूध नि गावच्याच मळ्यातली पालेभाजी ग्रामपंचायतीने विकत घ्यावी आणि गर्भवतींना अंगणवाडीतच जेवू घालावे. हा दानधर्म नव्हे. पुढच्या पिढीतली ती भांडवली गुंतवणूक आहे.