फुंकाफुंकीचं दुकान

गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयातली श्वासाच्या व्यायामाची खोली बंद झाली. तिथे आता हेल्थ चेकअपच्या पॅकेजचा काउंटर आहे. सामान आवरताना खोक्याच्या तळाशी नाकाचे चिमटे आणि स्प्रिंगचं एक जुनं यंत्र सापडलं.

श्वासाचे स्नायूही दंडांसारखे तालमीने बळावतात, हे लीथ आणि ब्रॅडली यांनी १९७६ सालीच धडधाकट माणसांवर पाच आठवडे प्रयोग करून दाखवलं होतं. पुढची पंधराएक वर्षं नुसत्या उत्साहाची. या खोलीतला माझा काळ सुरू होतो १९९२पासून.

त्या वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी १७ चाचण्या एकत्र तपासून सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात, या व्यायामाच्या फायद्याचा पुरावा तोकडा असल्याचं लिहिलं. आमच्या विभागप्रमुखांनी त्याची झेरॉक्स माझ्या टेबलावर टाकली. "मॅडम, हे फुंकाफुंकीचं दुकान आवरा आता." फुंकाफुंकी! आम्ही हवा आत ओढायला शिकवत होतो, साहेब. शिवाय श्वासाची लय ताब्यात ठेवून व्यायाम करून घेतला तर फायदा दिसतो, असंही त्याच लेखात होतं. तिथपर्यंत त्यांनी वाचलंच नाही.

त्याच सुमारास एक आजी यायच्या. विडी कधी ओढली नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेलेला. त्यांनाही सीओपीडीच. या आजारात हवा छातीत अडकून राहते, फुफ्फुसं फुगतात आणि त्यांच्या खालच्या स्नायूच्या पडद्याचा घुमट चपटा होतो. चपटा झालेला स्नायू ओढणार तरी किती? त्यांच्या जास्तीत जास्त ताकदीच्या ३० टक्क्यांवर स्प्रिंग लावायची, नाकाला चिमटा, सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं. दोन महिन्यांनी म्हणाल्या, "बाई, भाकऱ्या थापताना आता मधे बसावं लागत नाही." मी ते रजिस्टरात लिहिलं. साहेबांना आकडा हवा होता.

तो २००२ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासातून आला: ताकद वाढते, दमसास वाढतो, धाप कमी होते. मी झेरॉक्स काढली, तर साहेब निवृत्त झालेले.

२०१८ सालचा युरोपातला अभ्यास मात्र मला झोंबला. श्वासाचे स्नायू दुबळे असलेले २१९ रुग्ण घेतले. नेहमीच्या व्यायामाला श्वासाच्या व्यायामाची जोड दिली, तरी सहा मिनिटांत चालण्याचं अंतर जास्तीचं वाढलं नाही. सायकलवर मात्र ते जास्त वेळ टिकले, धापही कमी लागली. मला तेवढं पुरे आहे. चालणं सोडून नुसतं यंत्र ओढत बसा, असं मी कधीच म्हटलं नव्हतं.

मग कोविड आला आणि घरोघरी तीन गोळ्यांचं यंत्र. ते दीर्घ श्वास घेण्यासाठी, ऑपरेशननंतर वगैरे. त्यात स्नायूला पेलायला मोजून लावलेला भार कुठे आहे? पण डिस्चार्जच्या पिशवीत ते सर्रास मिळतं, आणि मिळालं की सगळ्यांचं समाधान.

२०१६ साली देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. तुमच्या घरात त्यांतलं कुणी असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढंच विचारा: श्वास आत ओढायची ताकद कधी मोजली का?