खंडाळा–लोणावळा परिसरातील दैनंदिन सायकल प्रवास

दैनंदिन सायकल प्रवास म्हणजे घर आणि कामाचे ठिकाण यांमधील नित्याची ये-जा सायकलने करणे. हा प्रवास व्यायामाची फेरी, पर्यटन किंवा शर्यत यांहून वेगळा आहे. कारण तो ठरावीक वेळी, ठरावीक रस्त्याने आणि सर्व ऋतूंत करावा लागतो. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील खंडाळा व लोणावळा ही गावे एकमेकांपासून सुमारे ४ ते ५ किलोमीटर अंतरावर आहेत. एवढे अंतर नवशिक्या सायकलस्वारालाही झेपणारे असते. मात्र घाटमाथ्यावरील चढ, अतिवृष्टी, धुके आणि महामार्गावरील वाहतूक यांमुळे येथे शारीरिक ताकदीपेक्षा मार्गाची निवड आणि पूर्वतयारी यांना अधिक महत्त्व येते.

पार्श्वभूमी

बोर घाटातून चाकांच्या वाहनांसाठी रस्ता १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली घाटातून रेल्वे धावू लागली. मुंबई–पुणे सायकल शर्यतीमुळे हा घाट सायकलस्वारांच्या परिचयाचा झाला. या शर्यतीत घाट सर्वप्रथम पार करणाऱ्या स्पर्धकास 'घाटांचा राजा' हा किताब दिला जातो.

कामावर जाण्यासाठी सायकल वापरण्याची परंपरा घाटमाथ्यापेक्षा पुणे शहरात अधिक रुजलेली होती. पुणे एके काळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले जात असे. विद्यार्थी, कारकून, शिक्षक आणि कारखान्यांतील कामगार सायकलनेच ये-जा करीत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानेही पेठांमधून होती. १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर आणि कायनेटिकची लुना बाजारात आली. पुढील दशकांत स्वयंचलित दुचाकींची संख्या वाढत गेली, शहराचा विस्तार झाला आणि सायकलीसाठी रस्त्यावर उरलेली जागा आक्रसत गेली. पुणे महानगरपालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाडेतत्त्वावरील सार्वजनिक सायकलींची सेवाही सुरू झाली; परंतु सायकलींची मोडतोड आणि चोऱ्या यांनी ती ग्रासली आणि फार काळ टिकली नाही. सायकली उपलब्ध असणे पुरेसे नसते, त्या निर्धोकपणे चालवता येतील असे रस्ते आणि ठेवता येतील अशा जागाही लागतात, हे या अनुभवावरून दिसून येते.

भूरचना व मार्ग

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असून खंडाळा त्यापेक्षा काहीसे खाली आहे. त्यामुळे खंडाळ्याहून लोणावळ्यास कामाला जाणाऱ्यास सकाळी एकूण चढ आणि परतताना उतार लागतो. पश्चिमेस खोपोलीकडे घाट सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. पूर्वेस इंद्रायणीच्या खोऱ्यातून कामशेत, वडगाव व तळेगावकडे जाणारा रस्ता घाटाच्या मानाने सौम्य आहे.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना प्रवेश नाही. सायकलस्वारास जुना मुंबई–पुणे महामार्ग किंवा गावांतर्गत रस्ते वापरावे लागतात. घाटाच्या काही भागात जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग एकत्र येतात आणि तेथे अवजड वाहनांची वर्दळ असते. म्हणून रोजच्या प्रवासासाठी घाटाचा टप्पा नवशिक्यास योग्य नाही. गावातील रस्ता थोडा लांबचा असला, तरी वाहनांचा वेग कमी असल्याने तो सहसा अधिक सुरक्षित ठरतो.

अंतर व वेळ

नवशिक्या सायकलस्वाराचा वेग ताशी १२ किलोमीटर धरल्यास ४ ते ५ किलोमीटर अंतरास २० ते २५ मिनिटे लागतात. आठवड्यातून ५ दिवस दोन्ही वेळा हा प्रवास केल्यास सुमारे २०० ते २५० मिनिटे व्यायाम घडतो. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

सायकल व देखभाल

अशा प्रवासासाठी महागडी सायकल आवश्यक नसते. चढ असल्यामुळे गिअरची सायकल सोयीची पडते. साधी सायकल असल्यास तीव्र चढावर उतरून ती हाती धरून चालत नेता येते. पेडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, गुडघ्यात किंचित बाक राहावा, इतकी सीट उंच असावी. सीट फार खाली असल्यास गुडघ्यांवर ताण येतो. टायरमध्ये किती हवा भरावी हे टायरच्या कडेवर छापलेले असते. हवा कमी असल्यास सायकल जड चालते. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन यांची तपासणी करावी. मागे कॅरिअर असल्यास पिशवी त्यावर बांधता येते व पाठीवर घाम कमी येतो.

पावसाळा व धुके

लोणावळा परिसरात वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. चाकाच्या कडेला घासणारे रबरी ब्रेक ओले झाल्यावर उशिरा लागतात; म्हणून नेहमीपेक्षा आधीच आणि हळूहळू ब्रेक दाबावे लागतात. पाण्याखाली झाकलेले खड्डे, शेवाळ धरलेल्या कडा आणि रंगवलेले पट्टे यांवरून चाक घसरण्याचा धोका असतो. मडगार्ड, पाणी आत न शिरणारी पिशवी आणि कामाच्या ठिकाणी ठेवलेला कोरड्या कपड्यांचा जोड यांमुळे गैरसोय कमी होते. पावसाने चेनवरील तेल धुऊन जाते, त्यामुळे ते वारंवार द्यावे लागते.

धुक्यात पुढे पांढरा व मागे लाल दिवा दिवसाही लावावा. मुसळधार पाऊस किंवा दाट धुके असताना बस, रिक्षा अथवा रेल्वेचा पर्याय घेणे श्रेयस्कर असते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांच्या वाहनांची मोठी गर्दी होते. त्या दिवशी कामावर जाणाऱ्यांनी पर्यायी रस्ता व अधिक वेळ हाताशी ठेवणे आवश्यक असते.

नियम व सुरक्षितता

साध्या सायकलीसाठी वाहन परवाना किंवा मोटार वाहन कायद्याखालील नोंदणी लागत नाही. त्या कायद्यातील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलस्वारांसाठी आहे; तथापि सायकलस्वारानेही हेल्मेट वापरणे हिताचे असते. सायकल रस्त्याच्या डाव्या बाजूने, पण अगदी कडेला न चिकटता चालवावी. कडेला चिकटून चालवल्यास खड्डा आल्यावर अचानक उजवीकडे वळावे लागते आणि अपघाताचा संभव वाढतो. वळण्यापूर्वी मागे पाहून हाताने इशारा करणे, तसेच ट्रक व बस यांच्या डाव्या बाजूने पुढे घुसणे टाळणे, या सवयी सुरुवातीपासूनच लावून घ्याव्यात.

लोकलची जोड

पुणे–लोणावळा लोकल लोणावळा स्थानकावरून सुटते. तळेगाव, चिंचवड किंवा शिवाजीनगर येथे नोकरी करणाऱ्यास सर्व अंतर सायकलने कापण्याची गरज नसते. खंडाळा ते लोणावळा स्थानक सायकलने आणि पुढे लोकलने, असा संयुक्त प्रवास करता येतो. स्थानकाजवळ सायकल ठेवताना चौकट आणि मागचे चाक दोन्ही कुलपात अडकतील, अशा रीतीने ती पक्क्या आधाराला बांधावी.

सुरुवातीचे टप्पे

सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर, रहदारी कमी असताना, ठरवलेल्या मार्गावर एक फेरी मारून वेळ, चढ व धोक्याचे चौक लक्षात घेतले जातात. त्यानंतर पहिले काही आठवडे आठवड्यातून एक-दोन दिवसच सायकलने जाणे आणि सवय होईल तसे दिवस वाढवणे सोयीचे ठरते. या भागात पावसाळा संपल्यानंतरचा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सुरुवातीसाठी सर्वांत अनुकूल असतो. तोपर्यंत सराव झालेला असल्यास पुढील पावसाळ्यापूर्वी रस्त्याची पुरेशी ओळख झालेली असते.