साइहून : घरात राहून केलेला प्रवास

सफर, मुसाफिर, सैर हे अरबी शब्द मराठीत इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. प्रवासाशी नाते असलेला आणखी एक शब्द पवित्र कुरआनमध्ये आहे, तो मात्र क्वचितच कानावर पडतो. तो शब्द म्हणजे 'साइहून'. 'सियाहत' म्हणजे भ्रमंती. ती करणारे ते साइहून. उर्दूत पर्यटकाला 'सय्याह' म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द.

सूरह तौबाच्या 112 व्या आयतीत श्रद्धावंतांची लक्षणे आली आहेत. तौबा करणारे, इबादत करणारे, अल्लाहची स्तुती करणारे आणि त्यानंतर 'साइहून'. हे प्रवासी कोण? कोणी म्हणतात, ज्ञानासाठी घर सोडणारे. पण हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्यासह अनेक जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ रोजेदार असा केला. म्हणूनच भाषांतरांत या जागी कुठे 'प्रवास करणारे' तर कुठे 'रोजे ठेवणारे' असे वाचायला मिळते.

प्रवासाचा आणि उपवासाचा संबंध काय? पूर्वीचे साधू-फकीर शिदोरी न घेताच निघत. वाटेत कोणी देईल तेव्हा खायचे, तोवर उपाशी चालायचे. रोजेदाराच्या घरात सारे काही असते, तरी मगरिबची अजान होईपर्यंत तो घासाला हात लावत नाही. भरल्या घरात तो शिदोरी नसलेल्या वाटसरूसारखा राहतो. पंढरीची वाट चालून आलेला वारकरी आषाढी एकादशीला उपवास करतो. त्याला हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गंमत अशी की, जो खरोखर प्रवासात आहे त्याला कुरआनने रोजात सवलत दिली आहे. सुटलेले रोजे त्याने नंतर पूर्ण करावेत (सूरह बकरह : 184). म्हणजे घरी असलेल्याने प्रवाशाची भूक समजून घ्यायची आणि प्रवाशाला मात्र जपायचे. जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटेत अडचणीत सापडलेला प्रवासी आहेच.

त्यामुळे रमजानमध्ये एस.टी. स्टँडवर कोणी मुसाफिर दिवसा पाणी पिताना दिसला, तर 'रोजा का नाही?' असे विचारू नये. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी शेजारच्या बाकावरच्या प्रवाशापुढे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दोन खजूर धरावेत. दिवसभर त्याच्यासारखे उपाशी राहून जे शिकलो, ते तिथेच कामी येते.