हौशी कॅमेरा, भाग ९ : ट्रायपॉड उभा कुठे करणार?

‘स्वस्तातला चांगला ट्रायपॉड कोणता?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तो उभा कुठे करणार? पेणला गणपतीच्या कारखान्यात, की रोह्याला कुंडलिकेच्या काठी? जागा ठरली की निम्मी खरेदी झालीच.

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी चालते तो कोपरा आठवा. कारागीर मांडी घालून बसलेला, मूर्तीचे डोळे त्याच्या नजरेसमोर, म्हणजे जमिनीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर. कॅमेराही तिथेच यायला हवा. खोक्यावर ठळक छापलेली कमाल उंची इथे कामाची नाही, किमान उंची बघा. हजार-दीड हजारात मिळणाऱ्या हलक्या स्टँडचे पाय बहुधा मधल्या दांड्याला पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे ते फार फाकत नाहीत. माझा पहिला स्टँड तसलाच होता. आखणीसमोर दोन तास बसले आणि सगळे फोटो वरून खाली पाहिल्यासारखे आले. मुकुट भलामोठा, आणि ज्यांच्यासाठी गेले ते डोळे दबलेले. प्रत्येक पाय सुटा, दोन-तीन कोनांत अडकणारा आणि मधला दांडा आखूड असा ट्रायपॉड घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

त्याचा फायदा किती, तेही सांगते. कारखान्यातल्या ट्यूबच्या उजेडात कॅमेरा हातात धरून १/६० सेकंदाला आयएसओ ६४०० लागत असेल, तर ट्रायपॉडवर सुमारे एक सेकंदात तोच फोटो आयएसओ १०० वर निघतो. गालावरची गुलाबी छटा दाणेदार न होता जशी आहे तशी येते. मात्र ट्रायपॉड कॅमेऱ्याचं हलणं थांबवतो, कारागिराच्या हाताचं नाही. ब्रश फिरत असताना एक सेकंद ठेवलात तर मूर्ती लख्ख आणि हात पुसट येईल. हातच टिपायचा असेल तर शटरचा वेग वाढवावाच लागतो.

रोह्याकडे प्रश्न वेगळा. नदीकाठी वारा असतो आणि अवचितगड चढायचा तर खांद्यावरचं वजन बोचतं. चार टप्प्यांचे पाय मिटल्यावर आखूड होतात, पण शेवटची नळी काडीसारखी बारीक असते. तीन टप्प्यांचा जरा लांब, पण ठाम उभा राहतो. मी तीनच घेईन. कार्बन फायबर हलकं खरं, पण या बजेटात त्याचा नाद सोडा. त्याच पैशात जाड नळीचं ॲल्युमिनियम जास्त उपयोगी पडतं. वारा असेल तर मधला दांडा वर काढू नका. खालच्या हुकाला पिशवी अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली असू द्या. लोंबकळती पिशवी झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते.

खाडीकाठच्या चिखलात पाय रोवलेत तर घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवूनच मिटा. खारं पाणी ॲल्युमिनियमला खातं. फिरवून घट्ट करायच्या लॉकमध्ये गाळ अडकतो, ते खोलून पुसावे लागतात. खटक्याचे लॉक साफ करायला सोपे.

‘इतके किलो पेलतो’ हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने लिहिते. कॅमेरा आणि लेन्स मिळून एक किलो भरत असेल तर निदान तीन किलो लिहिलेला घ्या. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची स्क्रू सगळीकडे सारखाच बसतो, पण डोक्यावरची प्लेट कंपनीगणिक बदलते. ती आर्का-स्विस पद्धतीची बघून घ्या. एखाद्याच कंपनीची वेगळ्या आकाराची प्लेट हरवली की धड ट्रायपॉड नुसता पडून राहतो.

दुकानात आपला कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स घेऊन जा. पाय पूर्ण उघडा, कॅमेरा लावा, लेन्सच्या टोकावर हलकी टिचकी मारा आणि थरथर किती वेळात थांबते ते स्क्रीनवर मोठं करून पाहा. मग पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसा आणि पुन्हा तेच करा.

आणि कारखान्यात पाय फाकवण्याआधी मालकाला विचारा. सुकत ठेवलेल्या मूर्तींमधली वाट अगदी अरुंद असते.